विमलआत्याच्या एकतीस फायली

हे लिहायला बसण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके कानांनी वाचत आलेल्या आणि आता पन्नाशीला टेकलेल्या एका इतिहासाच्या अध्यापकाने अचानक स्वतःविषयी लिहू लागावे, यात आगाऊपणा आहे. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ज्यांनी काही केले, काही सोसले, त्यांनी आत्मकथन लिहावे. मी केवळ एक खोटे बोललो आणि एकतीस रविवार ते निभावत राहिलो. त्या खोट्यापायी माझ्या आत्याच्या आयुष्यात घडू पाहणारी एक गोष्ट घडली नाही. ती गोष्ट कोणती, हे मला स्वतःलाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यापासून ती मी कोणाशी बोलू शकलेलो नाही, म्हणून ओळखदेख नसलेल्या माणसांपुढे मांडतो आहे. मांडणी अवघडलेली वाटली तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजावा.

सोलापुरात आमचे घर पूर्वेकडच्या एका गल्लीत होते. नव्या पेठेतून चालत आले तर वीस-पंचवीस मिनिटांवर. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि मागे मोरी. शेजारी यंत्रमागाची शेड होती. तिची खटखट सकाळी सुरू होई आणि ती आमच्या इतकी अंगवळणी पडलेली, की लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही सगळेच दचकून बोलणे थांबवत असू. त्या अवचित शांततेत शेजारच्या बायकांचे तेलुगू बोलणे, आईच्या हातातले भाकरीचे थापटणे, अण्णांच्या खुर्चीची कुरकुर असे सगळे एकदम जवळ येई. मला त्या घराचा आकार डोळ्यांपेक्षा अशा आवाजांनीच अधिक आठवतो. माझी दृष्टी एका दिवसात गेली नाही. आधी संध्याकाळची गेली, मग बाजूची गेली, मग फळ्यावरची अक्षरे गेली. बारावीनंतर पुस्तक हातात धरण्यात अर्थ उरला नाही, आणि पुढची पाच वर्षे मी घरात बसून काढली.

त्या पाच वर्षांत घरातले सगळेच मला वाचून दाखवत. अण्णा, म्हणजे माझे वडील, माध्यमिक शाळेत शिक्षक, ते वर्तमानपत्रही वर्गात शिकवल्यासारखे वाचत आणि मध्येच थांबून विचारत, "काय समजलास यावरून?" आई छान वाचायची, पण दूध उतू जाईल म्हणून उठायची ती तासाभराने यायची, आणि तोवर गोष्टीतला माणूस बिचारा दारातच उभा राहिलेला असायचा. विमलआत्या एकही अक्षर न गाळता वाचायची, पण अगदी सपाट आवाजात. लग्न असो की लढाई, स्वर तोच. सगळ्यांचे उपकारच होते. तरी एक गोष्ट मनाला लागून राही. मला आलेले पत्र मला सर्वांत शेवटी कळे. मित्राने गमतीने दोन वावगे शब्द लिहिले तर ते आधी अण्णांच्या तोंडी येत, मग ते खाकरत, मग आई हसू दाबत असे. माझ्यासाठी म्हणून लिहिलेले आणि फक्त मीच वाचलेले, असे माझ्यापाशी काहीच नव्हते.

आत्या सव्विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर आमच्याकडे परत आली होती. नव्या पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर छपाईचे अक्षरजुळणीचे दुकान होते, तिथे ती संगणकावर ऑपरेटर म्हणून काम करी. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणे, दहाव्याची कार्डे, सेलची हँडबिले. लग्नसराईत ती घरी येऊन पदराने मान पुसत म्हणायची, "आज चौदा लग्नं लावली, दोन मुंजी केल्या आणि एकाला वाटेला लावला. वहिनी, चहा टाक." तिच्या बोटांची त्या दुकानात ख्याती होती. मी एकदा विचारले, इतके वाचून कंटाळा येत नाही का, तर म्हणाली, "वाचतंय कोण? अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही. अर्थ बघितला की हात अडखळतो बघ." तिचे सपाट वाचन कुठून आले ते मला त्या दिवशी कळले. मला रोज रिक्षापर्यंत नेणारी, माझ्या सदऱ्याची बटणे तपासणारी, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावरही आणखी दोन डॉक्टरांकडे घेऊन जाणारी तीच होती.

पाच वर्षांनी मी पुन्हा महाविद्यालयात गेलो. तिथे एका कोपऱ्यातल्या खोलीत आमच्यासारख्यांसाठी दोन संगणक ठेवले होते आणि त्यांत पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली होती. खोली सांभाळणाऱ्या सरांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, बाणाच्या कळीवर माझे बोट ठेवले आणि ते बाहेर गेले. एक परका, धातूसारखा आवाज इंग्रजी पुस्तक वाचू लागला. कळ दाबली की थांबे, दाबली की मागे जाई, मी सांगेन तितक्या वेळा तेच वाक्य, न खाकरता, न हसता. कोणीही खोलीत नव्हते आणि मी वाचत होतो. त्या दिवशी मी काय वाचले ते विसरलो. पण मी काय वाचतो आहे हे जगात कोणालाही ठाऊक नाही, ही भावना विसरलेलो नाही. मला तो आवाज आवडला असे म्हणवत नाही. तो आवाज माझा होता, एवढेच.

इंग्रजी पुस्तके अशी मिळू लागली, पण आमच्या अभ्यासक्रमातला दख्खनच्या इतिहासावरचा जाडजूड मराठी ग्रंथ कुठेच तसा उपलब्ध नव्हता. त्याच सुमारास अण्णांनी एका सहकाऱ्याकडून जुना संगणक घरी आणला होता, आणि सरांनी ती बोलणारी प्रणाली त्यावर बसवून दिली होती. जेवताना मी ग्रंथाची अडचण सांगितली. अण्णा म्हणाले, वाचून दाखवू. आत्या म्हणाली, "चारशे पानं तुम्ही कधी वाचणार, दादा? शिकवण्या कोण घेणार? मी टाईप करून देते की. जेवायच्या सुट्टीत आठवड्याला दहा-बारा पानं सहज होतात."

"अगं, चारशे पानं!" आई म्हणाली.

"लग्नपत्रिकाच समजायच्या. त्यात नवरा-नवरीच्या जागी राजे आहेत, इतकंच."

पहिली फाईल एका रविवारी सकाळी घरी आली. आत्याने फ्लॉपी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले. आईने शेंगापोळ्या केल्या होत्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास पुढच्या खोलीपर्यंत येत होता. सगळे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. आत्याने अक्षरे नीट दिसावीत म्हणून दुकानातला अक्षरसंचही सोबत आणून संगणकात घातला होता. फाईल उघडली तसे अण्णा म्हणाले, "वा! काय सुरेख अक्षर! छापील पुस्तकाच्या तोंडात मारेल." मी हेडफोन लावला आणि कळ दाबली.

कानात आवाज म्हणाला: कॅपिटल डी, डॉलर, उभी रेघ, एस, प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, कॅपिटल क्यू. मी पुढच्या ओळीवर गेलो. पुन्हा तेच. आणखी पुढे गेलो. कुठेही एकही शब्द नव्हता.

"लागलं का?" अण्णांनी विचारले.

"बोलतंय का रे ते?" आई म्हणाली.

आत्याचा श्वास माझ्या खांद्याशी होता. तिने आठवडाभर जेवणाची सुट्टी घालवली होती. मी म्हणालो, "बोलतंय."

"काय म्हणतंय?"

ग्रंथाची सुरुवात वर्गात इतिहासाच्या सरांनी वाचून दाखवली होती, ती माझ्या लक्षात होती. मी ती यंत्र सांगेल तशी, थांबत थांबत म्हणून दाखवली. आत्या टाळी वाजवून स्वयंपाकघराकडे धावली. "वहिनी, पोळ्या घे वाढायला! माझं टाईप केलेलं बोलतंय!" शेंगापोळ्या मी त्या दिवशी चार खाल्ल्या. नको म्हणालो असतो तर कोणीतरी कारण विचारले असते.

पुढच्या आठवड्यात मी फाईल महाविद्यालयात नेली. संगणकाच्या खोलीतल्या सरांनी ती पाहिली आणि कारण सांगितले. छापखान्यातली ती अक्षरे कागदावर दिसण्यापुरती बनवलेली असतात. डोळ्याला मराठी दिसते, पण यंत्राच्या पोटात त्या जागी इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात, आणि आपले यंत्र पोटातले वाचते. "हे सगळं नव्या पद्धतीनं पहिल्यापासून टाईप करायला लागेल," ते म्हणाले. "आत्यांना सांगा. झालंय किती, बारा पानं ना? काही बिघडलं नाही." खरोखरच काही बिघडले नव्हते. रविवारी सांगायचे असे मी ठरवले. वाक्यही तयार केले. रविवारी आत्या जवळ आली तेव्हा तिच्या मनगटाला बामाचा वास येत होता, आणि तिने बाराऐवजी वीस पाने आणली होती. "आता हाताला सवय झाली बघ त्या राजांची," ती म्हणाली. मी तयार केलेले वाक्य पुढच्या रविवारावर टाकले. पुढच्या रविवारी एकूण पंचेचाळीस पाने झाली होती, मग साठ. आता सांगणे म्हणजे केवळ चूक दाखवणे राहिले नव्हते. मी इतके दिवस गप्प का बसलो, हेही सांगावे लागणार होते. भिडस्त माणसांचे खोटे असेच वाढते. ते नवे खोटे बोलत नाहीत, जुन्यालाच फक्त मोडत नाहीत.

रविवारची दुपार मग एक रिवाज होऊन बसली. जेवण झाले की आत्या नवी फाईल देई, मी हेडफोन लावून बसे, आणि माझ्या कानात दुसरेच पुस्तक चालू असे. महाविद्यालयातून आणलेले इंग्रजी प्रवासवर्णन, कधी एखादी रहस्यकथा. आत्या शेंगा निवडत समोर बसायची. मी कधी हसलो की ती उत्साहाने विचारी, "कुठलं आलं रे?" मग मी वर्गात ऐकलेले, मित्राच्या वहीतले काहीतरी सांगे.

"वजिराने सुलतानालाच फसवलं, आत्या."

"व्हय? आणि सुलतानाला कळलं नाही?"

"नाही ना. त्याचा फार विश्वास होता."

"बघ. माझ्या बोटांखालनं गेला तो वजीर, आणि मला पत्ताच नाही." आणि ती हसायची. माझ्यामुळे तिला इतिहास कळतो, असे ती शेजारणींना सांगत असे. आज त्या दुपारी आठवल्या की मला माझ्या तेव्हाच्या आवाजाची लाज वाटते. तो इतका सहज असायचा.

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे एक पाहुणे आले. सोलापूरजवळच्या मंद्रूप गावच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी. शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिका छापायला ते आत्याच्या दुकानात येत असत, एवढे आम्हाला माहीत होते. आत्या तेव्हा दळण आणायला गेली होती. ते हरभऱ्याच्या ढहाळ्यांची मोठी जुडी घेऊन आले होते. पुढची खोली हिरव्या, खारट वासाने भरून गेली. अण्णांनी त्यांना बसा म्हटले आणि ते आत पाणी सांगायला गेले. गुरुजी माझ्याजवळची खुर्ची ओढून बसले.

"तुमीच मुकुंदराव व्हय?"

"हो."

"आत्या लई सांगत्यात तुमचं. यंत्रावर वाचताय म्हनं सगळं."

"वाचतो थोडंसं."

"थोडंसं कसं? केवढं पुस्तक हाय ते! मी बघतो की त्यांच्या टेबलावर. बाई डबा उघडत न्हाईत, आदी तुमचं पान." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला एक सांगा, ह्या असं करून देत्यात म्हनून तुमचं चालतंय, का ह्या नसल्या तरी चालंल?"

प्रश्न मला विचित्र वाटला, आणि अंगावर आल्यासारखाही. यांना माझी गुपिते कोणी सांगितली की काय, असा वेडा संशय आला. मी म्हणालो, "आत्याशिवाय माझं काहीच चालत नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. "एकदा या की मंद्रूपला दोगंबी. मोकळं हाय तितं. भावाची मेंढरं हायती, पोरीचं लगीन झालंय, घर रिकामंच हाय. शिवारात बसून ऐका तुमचं पुस्तक."

"परीक्षा आहे," मी म्हणालो.

चहा घेऊन ते गेले. आई म्हणाली, "माणूस भला दिसतो." अण्णा म्हणाले, "भला असेल. पत्रिकेचं काम दुकानात होतं, घरी कशाला यायला लागतं? आणि मेंढरांचं आपल्याला काय सांगतो?" आत्या तेवढ्यात दळण घेऊन आली होती. दारात डबा खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतरच्या आठवड्यात चोविसावी फाईल आली. ती रविवारच्या आधीच, बुधवारी आली, म्हणून लक्षात आहे. रविवारी जेवणे झाल्यावर आई-अण्णा एका मुंजीला गेले होते. लाईट गेलेली होती, माग थांबले होते. आत्या माझ्यासमोर बसली, पण शेंगा निवडत नव्हती.

"वाचलंस?" तिने विचारले.

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

"शेवटपर्यंत वाचलंस ना रे, मुकू?"

असे तिने यापूर्वी कधीच विचारले नव्हते. आज हिने मला पकडले, असे वाटले. म्हणून मी नेहमीपेक्षाही ठामपणे म्हणालो, "अगदी शेवटच्या तळटीपेपर्यंत, आत्या."

ती वाट पाहत राहिली. मी तिने पुढे काही विचारू नये, एवढीच इच्छा धरून बसलो होतो. तिने विचारले नाही. थोड्या वेळाने ती "बरं" म्हणाली आणि उठून आत गेली. मोरीत पाणी पडू लागले. मी सुटलो, असे मनात म्हणालो. हा शब्द मी खरोखर मनात म्हणालो होतो, हे इथे लपवत नाही.

पुढच्या सात फायली ठरल्या वेळी आल्या. गुरुजी पुन्हा आले नाहीत. परीक्षा मी वर्गातल्या टिपणांवर आणि मित्राच्या वाचनावर दिली, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो, आणि आत्याने गल्लीत पेढे वाटताना प्रत्येक दारात सांगितले की आमचा मुकुंद माझ्या फायलींवर पास झाला. मला पुढे नोकरी लागली. आधी अण्णा गेले, मग आई गेली. आत्या राहिली. तिचे ते दुकान बंद झाले, तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, आणि आता मी तिला वाचून दाखवतो, म्हणजे माझा फोन दाखवतो. दुपारी मी त्याचा वेग निम्म्यावर आणतो आणि आम्ही दोघे वर्तमानपत्र ऐकतो. तीन वर्षांपूर्वी अशीच एक छोटी बातमी आली, मंद्रूपच्या एका निवृत्त शिक्षकांच्या निधनाची. आत्या म्हणाली, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. "ते ढहाळे घेऊन आलेले गुरुजी ना गं, आत्या?" मी विचारले. "हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अक्षर मोठं वळणदार होतं त्यांचं. त्यांच्या मसुद्यात खाडाखोड नसायची." आणि पुढची बातमी लावायला सांगितले.

जुन्या छापखान्याच्या अक्षरांचे नव्या पद्धतीत रूपांतर करण्याची सोय आता घरच्या संगणकावरही होते, हे मला गेल्या वर्षी समजले. त्या एकतीस फायली मी फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पुढे, अशा जपून ठेवल्या होत्या. का ठेवल्या ते विचारू नये. निदान आता तरी आत्याचे काम वाचावे, म्हणजे दर रविवारी बोललेले "वाचलं" उशिरा का होईना खरे होईल, असा माझा बाळबोध हिशेब होता. रोज दुपारी एक-दोन फायली मी कानात इअरफोन घालून ऐकू लागलो. आता आवाज मराठी बाईचा आहे, आणि मी इतक्या वेगाने ऐकतो की जवळच्याला ती केवळ गुणगुण वाटते. एक अक्षर चुकलेले नव्हते. अर्थ न पाहता ते तिने जुळवले होते. चोविसाव्या फायलीत अठरावी तळटीप संपली, आणि त्याच स्वरात, त्याच वेगात आवाज पुढे बोलत राहिला. मी थांबवून मागे गेलो. वेग कमी केला. ते असे होते:

"मुकू, हे पुस्तकातलं नाही, मी लिहिते आहे. तुला चिठ्ठी लिहिली तर ती दुसरंच कोणीतरी तुला वाचून दाखवणार, म्हणून कधी लिहिली नाही. इथं आपण दोघंच आहोत. मंद्रूपच्या गुरुजींनी मला लग्नाचं विचारलं आहे. माणूस चांगला आहे. मला नाही म्हणावंसं वाटत नाही, हे तुलाच पहिल्यांदा सांगते. दादांना आवडणार नाही, पण दादांचं मी बघून घेईन. तुझं मला बघून घेता येत नाही. तुझं शिक्षण अर्ध्यात आहे आणि मी निघून गेले तर कसं होईल ते तूच सांगू शकतोस. रविवारी मी विचारीन, शेवटपर्यंत वाचलंस का. चालणार असेल तर म्हण, आत्या, आपण मंद्रूपला जाऊन येऊ. नसेल तर काही बोलू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही आणि मनातही ठेवणार नाही. पुढचं प्रकरण नेहमीसारखं करून देईन."

फाईल तिथेच संपत होती. पुढच्या फायलीत विसावे प्रकरण सुरू होत होते.

आयुष्यात फक्त मलाच म्हणून लिहिलेले ते एकमेव पत्र. ते माझ्यापर्यंत पोचायला वीस वर्षे लागली, आणि मी तर त्याचे उत्तर त्याच रविवारी देऊन टाकले होते. तिने गुरुजींना काय सांगितले असेल? आणि गुरुजींनीही माझ्याच तोंडून ऐकले होते की आत्याशिवाय माझे काहीच चालत नाही. त्यांना तर दोन साक्षी मिळाल्या. त्यानंतर ज्या ज्या सकाळी तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, कान डावीकडे आहे म्हणून सांगितले, त्या प्रत्येक सकाळी तिच्या समजुतीने ती एका अशा मुलासमोर कप ठेवत होती, ज्याने तिला जाऊ दिले नाही. आणि पत्रात म्हटल्याप्रमाणे तिने ते मनात ठेवलेही नाही. मला क्षमा झालेली आहे, तीही मी न केलेल्या गोष्टीची. जे केले त्याची मी अजून मागितलेलीच नाही.

स्वतःला सोडवून घेण्याची एक वाट मला दिसते, आणि तिच्यावरही माझा विश्वास नाही. मी म्हणू शकतो की मला वाचताच आले नव्हते, नाहीतर मी आनंदाने मंद्रूपला जाऊ या म्हणालो असतो. म्हणालो असतो का? तेव्हाच्या मुकुंदाला मी ओळखतो. रिक्षापर्यंत कोण नेईल, याचा विचार त्याने आधी केला असता. कदाचित त्याने ते पत्र वाचले असते, आणि तरीही रविवारी तो तसाच गप्प बसला असता. म्हणजे तिने लावलेला अर्थ चुकला असेलच, असेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी ते पत्र तीनदा ऐकले तेव्हा आत्या समोरच बसून मेथी निवडत होती. तिला आता माझा चेहरा धूसर दिसतो, पण दिसतो. "काय रे, असा का झालास?" ती म्हणाली. "काय वाचतोस?"

"परीक्षेचे पेपर आहेत, आत्या," मी म्हणालो.

तेव्हापासून वर्ष होत आले. ती आता अडुसष्टची आहे, तब्येत बरी आहे, आणि आपण स्वतःहून, माझ्यासाठी इथे राहिलो, या समजुतीत तिला एक प्रकारचे समाधान आहे, असे मला वाटते. तिच्या मैत्रिणींशी बोलताना ते ऐकू येते. सांगितले तर माझ्या छातीवरचे ओझे उतरेल, आणि तिला कळेल की तिच्या प्रश्नाला कोणी नकार दिलाच नव्हता, तो प्रश्न कोणी ऐकलाच नव्हता, आणि गुरुजी आता हयात नाहीत. न सांगितले, तर माझे खोटे तिच्या मरणापर्यंत चालू राहील. माझ्यापेक्षा शहाण्या आणि धीट माणसांनी हे वाचले असेल, म्हणून विचारतो: मी तिला सांगू का?